तिसावर अडकलेला मॉनिटर

यंदा दिवाळी अंकांची कामं अंगावर यायच्या आधी मी नवीन मॉनिटर घेतला, २७ इंची, फोर के. पंचवीस वर्षं झाली मला डीटीपीच्या कामात, पानं लावायची, प्रूफं तपासायची, आणि आता १५ इंची लॅपटॉपवर रफार आणि अनुस्वार एकाच अक्षराच्या डोक्यावर आले की मान पुढे काढून बघायला लागायचं. ‘सर्वांचं’ मधला अनुस्वार पडलाय की आहे हे बघायला दर वेळी पान झूम करायचं, परत लहान करायचं, असं दिवसभर. म्हणून थोडे थोडे पैसे बाजूला टाकून शेवटी घेतलाच.

पहिल्यांदा चालू करून जुन्या अंकाचं एक पान उघडलं तेव्हा दोन मिनिटं नुसती बघत बसले. साध्या फुल एचडी स्क्रीनवर १९२० बाय १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात, फोर केवर ३८४० बाय २१६० म्हणजे ८२,९४,४००, बरोब्बर चौपट, आणि २७ इंचात ते बसवले की इंचाला १६३ ठिपके येतात. पण आकडे सोडा, ‘द्ध’ मधला द च्या पोटातला ध स्वच्छ दिसत होता, ‘श्र’ ची तिरकी रेघ कापरी नव्हती, पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी लांबूनसुद्धा वेगळी कळत होती. छापून आलेला कागद समोर धरल्यासारखं वाटलं. ज्यांनी आयुष्य मराठी अक्षरं बघण्यात घालवलंय त्यांनाच कळेल मी काय म्हणतेय ते.

आणि मग माउस हलवला.

पॉइंटर जागेवरून निघायला वेळ लावत होता, हात थांबला तरी तो पुढे जात होता, मधेच उड्या मारत होता. टाइप करताना बोट आधी आणि अक्षर नंतर. पान वर सरकवलं की ओळी सरकायच्या ऐवजी टप्प्याटप्प्याने घसरायच्या, आणि घसरत असताना एक अक्षर वाचता येईना. आम्ही प्रूफवाले पान सरकवता सरकवता वाचतो, डोळ्याला ती सवयच असते, ती सगळी लयच गेली. दोन तास काम केलं की डोळे जड. जो मॉनिटर डोळ्यांसाठी म्हणून घेतला तोच डोळ्यांना नको वाटायला लागला, याचं फार वाईट वाटलं मला.

पहिला संशय माउसवर. वायरलेस आहे, सेल बदलला, मग त्याचं ते छोटं रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावून बघितलं, कारण यूएसबी थ्रीच्या पोर्टजवळ २.४ गिगाहर्ट्झवाल्या वायरलेस वस्तूंना खरंच त्रास होतो, ते खोटं नाही. थोडासा फरक पडल्यासारखा वाटला, पण टायपिंग तसंच. मग संशय लॅपटॉपवर. २०१८ सालचा आहे. एका दुरुस्तीवाल्याला दाखवला तर तो म्हणाला, ताई, लॅपटॉप म्हातारा झालाय, एवढा मोठा डिस्प्ले नाही ओढणार, नवीनच घ्या. आता ऐन सीझनच्या तोंडावर नवीन लॅपटॉप कुठून आणू, आणि मनाला पटतही नव्हतं, कारण मॉनिटरची वायर काढली की तोच लॅपटॉप छान चालायचा.

मॉनिटर परत करायची मुदत संपायला तीन दिवस राहिले होते. ‘अहो, खोका माळ्यावरनं काढा’ इथपर्यंत आलं होतं. आणि त्या संध्याकाळी ठाण्याहून बहिणीच्या मुलाचा फोन आला, वेगळ्याच कामासाठी, बोलता बोलता मी रडगाणं सांगितलं तर त्याने एकच प्रश्न विचारला. ‘मावशी, हर्ट्झ किती दाखवतंय?’

मी म्हणलं, कुठे बघू? तर डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, खाली जाऊन ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे वर कुठला मॉनिटर ते निवडायचं. निवडला. रिफ्रेश रेटसमोर ३० हर्ट्झ. यादी उघडली तर ३०, २९, २५, २४, २३. साठ नाहीच त्यात.

रिफ्रेश रेट म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने काढलं जातं तो आकडा. ६० ला प्रत्येक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकतं, ३० ला ३३.३. तुम्ही म्हणाल एवढ्याशा वेळाचं काय, सिनेमा तर २४ चित्रांवर चालतो. पण सिनेमातली माणसं आपल्या हाताने हलत नसतात. इथे हात आपला असतो आणि तो कुठे आहे हे मेंदूला पक्कं माहीत असतं, त्यामुळे पॉइंटर मागे पडला की लगेच खटकतं. ज्यांनी जुन्या काचेच्या ट्यूबवाल्या मॉनिटरवर पेजमेकर आणि श्रीलिपी ही पानं लावायची, मराठी टाइप करायची सॉफ्टवेअरं चालवलीयेत त्यांना आठवत असेल, ६० ला स्क्रीन लुकलुकायची आणि ट्यूबलाइटखाली तर डोकंच उठायचं, म्हणून आम्ही ७५ नाहीतर ८५ करून ठेवायचो. एलसीडीत तशी लुकलुक होत नाही, चित्र पुढचं येईपर्यंत तसंच उभं राहतं, म्हणून रेट कमी आहे हे डोळ्याला पटकन कळत नाही, नुसतं सगळं सुस्त वाटतं आणि आपण माउसला, लॅपटॉपला, स्वतःच्या वयाला दोष देत बसतो.

पण साठ का मिळत नाही? मॉनिटरच्या पुस्तिकेत तर ६० लिहिलेलं. इथून पुढे चार दिवस मी याच्याच मागे होते आणि जे कळलं ते मला एवढं महत्त्वाचं वाटलं की कामं बाजूला ठेवून लिहितेय.

सगळा खेळ वायरीतून सेकंदाला किती माल जाऊ शकतो याचा आहे. एका ठिपक्याला रंगाचे २४ बिट. ८२,९४,४०० गुणिले २४ म्हणजे एका चित्राला जवळजवळ २० कोटी बिट. सेकंदाला अशी ६० चित्रं म्हणजे १२ अब्ज, म्हणजे १२ गिगाबिट, आणि ओळ संपून दुसरी सुरू होईपर्यंत, चित्र संपून दुसरं सुरू होईपर्यंत जी मोकळी जागा सोडतात ती धरून तो आकडा १३-१४ गिगाबिटपर्यंत जातो. आता लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट, म्हणजे मॉनिटरची वायर मी जिथे लावली होती ते भोक. एचडीएमआयची १.४ ही आवृत्ती २००९ ची, तिची एकूण क्षमता १०.२ गिगाबिट, त्यातही दर ८ बिट पोचवायला १० बिट पाठवावे लागतात म्हणून खरा माल ८.१६ च. त्यात १३-१४ कसे मावणार? तीस हर्ट्झला निम्मा माल, सातच्या आसपास, तो मावतो. म्हणून यादी तिसावर संपते. फोर केला साठ हवे असतील तर २०१३ ची २.० आवृत्ती लागते, १८ गिगाबिटवाली.

माझ्या लॅपटॉपवर कुठेही १.४ लिहिलेलं नव्हतं. पोर्ट दिसायला सगळ्यांचं सारखंच. शेवटी प्रोसेसरचं पूर्ण नाव शोधून त्याचं माहितीचं पान उघडलं, आणि तिथे दोन ओळी होत्या ज्या वाचून मला हायसं वाटलं. एचडीएमआयवरून ४०९६ बाय २३०४ ला २४ हर्ट्झ. डिस्प्लेपोर्टवरून, म्हणजे चित्र बाहेर न्यायच्या दुसऱ्या जातीच्या जोडणीवरून, तेच ४०९६ बाय २३०४, ६० हर्ट्झ. म्हणजे लॅपटॉप म्हातारा वगैरे काही नव्हता, त्याच्यात ताकद होती, मी त्याला अरुंद दारातून बाहेर काढत होते. मॉनिटर तर चांगला होताच.

हे दोन मिनिटांत घरच्या घरी तपासता येतं, कुणाला बोलवायला नको. मॉनिटरचं रेझोल्यूशन तात्पुरतं २५६० बाय १४४० करा, नाहीतर सरळ १९२० बाय १०८० करा, आणि परत हर्ट्झची यादी उघडा. तिथे ६० दिसले तर बहुतेक मॉनिटर ठणठणीत आहे, लॅपटॉपही ठणठणीत आहे, मधला रस्ता कमी पडतोय. अक्षरं फुगीर दिसतील, पण ते फक्त तपासण्यापुरतं. मी परत करायचा मॉनिटर यावरच ठेवून घेतला.

लॅपटॉपला डिस्प्लेपोर्टचं भोक नव्हतं, पण यूएसबी-सी होतं. आता यूएसबी-सी दिसलं म्हणजे त्यातून चित्र निघेलच असं नसतं, कितीतरी लॅपटॉपांत ते नुसतं डेटाचं किंवा चार्जिंगचं असतं. पोर्टच्या शेजारी डी आणि पी एकात एक गुंफलेली खूण नाहीतर थंडरबोल्टची वीज काढलेली असेल तर चित्र निघतं. खूण नसली तरी कधीकधी निघतं, पण मग मॉडेलच्या पुस्तिकेत बघावं लागतं. माझ्याकडे खूण होती, टॉर्च लावून बघितली.

म्हणून मी एक यूएसबी-सीचा हब मागवला, ज्याला एचडीएमआय, तीन यूएसबी, कार्डाचं भोक वगैरे सगळं होतं, खोक्यावर मोठ्या अक्षरात फोर के. लावला. परत ३०.

इथे मात्र मी खरंच खचले. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, मावशी खोका उलटा करून बघ. खोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे पत्ता आणि ग्राहकसेवा असते त्याच्या वर, इवल्याशा अक्षरात, फोर के ॲट थर्टी. आमच्या धंद्यात याला सात पॉइंट म्हणतात, मी कुणाला जाहिरातीची अटसुद्धा सात पॉइंटमधे लावून देत नाही. जो आकडा माणसाच्या रोजच्या आठ तासांच्या कामाचं काय होणार हे ठरवतो तो पुढच्या बाजूला छापायला हवा, फोर केच्या शेजारी, त्याच टाइपात. नुसतं फोर के लिहून विकणं मला बरोबर वाटत नाही आणि मी ते कितीही वेळा म्हणेन.

हबचं असं का होतं ते कळल्यावर मात्र सगळी गाठ सुटली, म्हणून जरा नीट सांगते. यूएसबी-सीच्या वायरीत वेगाने माल नेणारे चार पदर असतात. पदर हा शब्द इथे इतका चपखल बसतो, चौपदरी रस्ता म्हणतो ना आपण तसं. हब काय करतो, दोन पदर चित्राला देतो आणि दोन पदर यूएसबी थ्रीला, पेनड्राइव्ह आणि हार्डडिस्क भरभर चालाव्यात म्हणून. डिस्प्लेपोर्ट १.२ मधे एका पदरावरून ५.४ गिगाबिट, खरा माल ४.३२. दोन पदर म्हणजे ८.६४. परत तेच, १३ मावत नाहीत, ३० हर्ट्झ. चारही पदर चित्राला दिले तर १७.२८, आणि साठ आरामात बसतात. नवीन लॅपटॉपांत डिस्प्लेपोर्ट १.४ असतं, तिथे एका पदराचा वेग ८.१, म्हणून दोनच पदरांवर १२.९६ मिळतात आणि फोर के साठ जेमतेम बसतं, पण त्यासाठी लॅपटॉप आणि हब दोन्ही त्या वेगाचे हवेत, एक जरी जुना असला तरी दोघं मिळून जुन्याच्या वेगाने चालतात. एक्स्प्रेसवे सहा पदरी असला तरी खंडाळ्याच्या घाटात जुना हायवे येऊन मिळाला की काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको.

मग हब नकोच, चारही पदर सरळ मॉनिटरपर्यंत नेणारी साधी वायर हवी, एका टोकाला यूएसबी-सी, दुसऱ्या टोकाला डिस्प्लेपोर्ट. पुण्यातल्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. दोन दुकानांत एचडीएमआयवालीच दाखवत होते, ताई सेमच असतं म्हणून. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी मात्र विचारलं, ‘साठला चालवायचंय ना? मग ही न्या, आणि लांब घेऊ नका, टेबलावर आहे ना मॉनिटर, मग दोन मीटरच्या आतलीच घ्या.’ मी ऐकलं नाही. टेबलाच्या मागून फिरवून नीट न्यायची होती म्हणून तीन मीटरची घेतली. त्याचं पुढे सांगतेच.

घरी आणून लावली. तीस.

आता मात्र मी रडायच्या बेतात होते, पण हिशोब पाठ झाला होता. लॅपटॉप साठ देतो, वायर चार पदरी आहे, मग उरलं काय, मॉनिटर स्वतः. मॉनिटरच्या खालच्या बटणाने त्याचा मेनू उघडला, एकेक पान बघत गेले, आणि इनपुटच्या पानावर एक ओळ सापडली, डिस्प्लेपोर्ट व्हर्जन, समोर १.१. जुन्या कॉम्प्युटरशी जमावं म्हणून कंपनीने कारखान्यातूनच तसं ठेवलेलं. १.१ मधे पदराचा वेग २.७, खरा माल २.१६, चार पदर मिळून किती? ८.६४. तोच आकडा. माझ्या वाटेत तीन वेळा तीन वेगळ्या कारणांनी आठच गिगाबिट आले आणि तिन्ही वेळा स्क्रीनवर तोच तीस दिसला, त्यामुळे एक गोष्ट दुरुस्त केली तरी काहीच बदललं नाही असं वाटत राहिलं. १.२ केलं, स्क्रीन तीन-चार सेकंद काळी झाली, परत आली, यादी उघडली. ६०.

पॉइंटर हलवला. हाताला चिकटल्यासारखा आला बरोबर. एक कथा उघडली आणि वरपासून खालपर्यंत सावकाश सरकवत नेली, सरकत असताना अक्षरं वाचता येत होती. ‘अहो, या ना बघायला’ म्हणून हाक मारली तर हे म्हणाले मला दोन्हीत काहीच फरक दिसत नाही. त्यांचा माझ्याइतका संबंध नाही, पण हातात माउस दिला, मुद्दाम तीस करून दाखवलं, परत साठ केलं, तेव्हा म्हणाले अरे हो की.

आता तीन मीटरचं. साठ मिळाले पण दिवसातून आठ-दहा वेळा स्क्रीन दोन सेकंद काळी व्हायची आणि परत यायची. वेग वाढला की लांब वायरीत सिग्नल विरतो, तीसला जी वायर निमूट चालते तीच साठला दगा देते. एचडीएमआयवर असं झालं तर काळं व्हायच्या आधी कधीकधी पांढरे ठिपके चमकतात, तेही वायरीचंच लक्षण. पण माझ्याकडे आणखी एक गंमत होती, ती कळायला पाच दिवस लागले. मी खुर्चीवरून उठले की स्क्रीन जायची! पहिल्यांदा वाटलं पायाने वायर हलते. नाही. ती गॅसवर वरखाली होणारी खुर्ची असते ना, तिच्यावरून उठताना स्थिर विजेचा एक झटका तयार होतो आणि तो हवेतून जवळच्या वायरीत शिरतो, आणि वायरीचं वरचं कवच हलकं असेल तर चित्र तुटतं. हे खरं आहे, मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. परत त्या काकांकडे गेले, दीड मीटरची जाड वायर घेतली, टेबलावर सरळ टाकली. तेव्हापासून एकदाही गेली नाही, उठा नाहीतर बसा.

एचडीएमआय वापरणाऱ्यांनी वायर घेताना वेष्टनावर आवृत्तीचा आकडा शोधू नका, वायरीला आवृत्ती नसतेच, वायरीची जात असते. प्रीमियम हाय स्पीड म्हणजे १८ गिगाबिटपर्यंत तपासलेली, अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८ पर्यंत. खरी असेल तर खोक्यावर स्कॅन करायचं लेबल असतं. आणि डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयकडे जाणारी वायर उलटी चालत नाही, लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असं जोडायचं असेल तर वीज घेऊन रूपांतर करणारा वेगळा ॲडॉप्टर लागतो, दुकानात हे क्वचितच सांगतात.

बहिणीकडे हे सगळं सांगितलं तर तिच्या मिस्टरांचा मॉनिटर निघाला तिसावरच, दीड वर्षं! त्यांचा यूएसबी-सीवाला आहे, एकाच वायरीतून चार्जिंग, चित्र, नेटवर्क, सगळं. त्यात तर हबच आत बसवलेला. भाच्याने मेनूत शोधलं तर तिथे निवड होती, डेटाचा वेग हवा की रेझोल्यूशन. म्हणजे तेच, दोन पदर की चार पदर. रेझोल्यूशनवर टाकलं, साठ झाले. मॉनिटरच्या मागची यूएसबीची भोकं मग ४८० मेगाबिटवर येतात, कीबोर्ड माउसला त्याचं काही नाही, फक्त बाहेरची हार्डडिस्क तिथे लावायची नाही, ती सरळ लॅपटॉपला लावायची. भाओजी म्हणाले, मी समजत होतो की ऑफिसचं सॉफ्टवेअरच जड आहे.

आणि भाच्याला तो पहिला प्रश्न सुचला तो का, तर त्याने गेम खेळायला १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला होता आणि कित्येक महिने तो ६० वरच चालत होता. तिथे वायर, पोर्ट सगळं बरोबर होतं, नुसतं यादीतून १४४ निवडायचं राहिलं होतं. विंडोज नवीन मॉनिटरला बऱ्याचदा ६० वरच ठेवतं, आपण जाऊन बदलावं लागतं. मॅकवाल्यांना सिस्टिम सेटिंग्जमधे डिस्प्लेच्या पानावर तशीच यादी मिळते. त्याच विंडोजच्या पानावर दोन ओळी असतात, डेस्कटॉप मोड आणि ॲक्टिव्ह सिग्नल मोड, त्यातली दुसरी ओळ वाचा, वायरीतून खरंच काय चाललंय ते तिथे असतं. तिथे ५९.९४ दिसलं तर घाबरू नका, अमेरिकेत रंगीत टीव्ही आला तेव्हापासून चालत आलेला आकडा आहे तो, ६० ला १.००१ ने भागलं की येतो, डोळ्याला फरक कळत नाही.

एक वेगळीच तक्रार आमच्याकडच्या लग्नपत्रिका करणाऱ्या काकांची होती. ते ४३ इंची टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरतात. त्यांना साठ मिळत होते, पण लाल अक्षरांच्या कडा पसरट, पिवळ्यावर लाल गणपती काढला की सोंडेची रेघ चिखलासारखी. काळी अक्षरं मात्र बरी. ते छपाईच्या शाईत दोष शोधत होते, पण दोष स्क्रीनवर दिसतोय म्हणल्यावर शाई कशी असेल. झालं काय होतं, रस्ता अरुंद असला तरी साठ द्यायचे म्हणून रंगाची माहिती कमी करून पाठवली जात होती. उजेड प्रत्येक ठिपक्याचा वेगळा, पण रंग चार ठिपक्यांत मिळून एक. याला फोर-टू-झीरो म्हणतात. सिनेमाला चालतं, अक्षराला नाही. टीव्हीच्या सेटिंगमधे प्रत्येक एचडीएमआयच्या भोकासाठी अल्ट्रा एचडी रंगाची वेगळी खिट्टी असते, ती त्यांनी चालू केली, आणि ग्राफिक्सच्या सेटिंगमधे रंगाचा प्रकार आरजीबी केला. आता गणपती स्वच्छ येतो. म्हणून साठ दिसले म्हणून लगेच समाधान मानू नका, लाल आणि निळ्या रंगात बारीक टाइप लावून कडा बघा.

हे सगळं शोधताना एक गोष्ट वाचनात आली ती मला फार आवडली. २००१ साली आयबीएमने टी२२० आणि त्याच्या पाठोपाठ टी२२१ नावाचा मॉनिटर काढला होता, २२ इंची, ३८४० बाय २४००, म्हणजे आजच्या फोर केपेक्षाही जास्त ठिपके, ९२ लाख. तेव्हा आम्ही पुण्यात ट्यूबच्या मॉनिटरवर १०२४ बाय ७६८ मधे पानं लावत होतो. त्या मॉनिटरला एक वायर पुरायचीच नाही, चार डीव्हीआय जोडण्या लावाव्या लागायच्या, आणि चारही लावल्या तरी ४१ हर्ट्झ. काच तयार होती, रस्ता तयार नव्हता. माझ्या टेबलावर चार दिवस जे चाललं होतं ते तेव्हापासूनचंच आहे हे वाचून कुठेतरी बरं वाटलं.

एक उरलंय. लॅपटॉप झोपून उठला की माझा मॉनिटर महिन्यातून एखाद्या वेळी परत तिसावर येतो. दोघांची ओळख नव्याने होते तेव्हा मॉनिटर आपली कुवत एका छोट्या माहितीपत्रातून लॅपटॉपला सांगतो, ती देवाणघेवाण अर्धवट झाली की लॅपटॉप सावध होऊन कमीवर जातो. मॉनिटरचं बटण नाही, मागची पॉवरची वायरच काढायची, दहा आकडे मोजायचे, परत लावायची. ग्राफिक्सचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावरून नवा टाकल्यावर हे बरंच कमी झालंय, पूर्ण गेलं नाही. गेलं की इथेच लिहीन.

परवा सोलापूरच्या मैत्रिणीचा फोन आला, तीही प्रूफं बघते, माझं बघून तिने फोर के घेतला आणि आठवड्यात थर्माकोलमधे परत बांधला, म्हणे बाई माझ्या डोळ्याला नाही झेपत हे. मी म्हणलं बांधलायस तो सोड आधी, लाव, आणि ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमधे जाऊन सांग मला काय दिसतंय. फोनवर तिला शोधायला पाच मिनिटं लागली. तीस. १०८० वर टाकायला लावलं, साठ आले. लॅपटॉपच्या डाव्या बाजूला टॉर्च मारून बघ म्हणलं, कसली खूण आहे? ‘वीज आहे गं, बारीकशी.’ दीड मीटरची वायर मी इथूनच घेतली, तापकीर गल्लीतल्या त्याच काकांकडून, आज कुरिअरने गेली.